धागा: ग्रॅनाइटचा ओटा आणि वेगळ्या साहित्याचे सिंक यांचा सांधा कसा करावा?

केतकी, ठाणे

नमस्कार मंडळी,

आमच्या ठाण्यातील सदनिकेच्या स्वयंपाकघराचे काम दिवाळीनंतर काढायचे आहे आणि त्यातील एका मुद्द्यावर मला जाणकारांचे मत हवे आहे. सध्याचा ओटा नेहमीच्याच पद्धतीचा आहे, म्हणजे खाली कडप्पा, त्यावर सिमेंटचा थर आणि वर काळे ग्रॅनाइट. स्टीलचे सिंक या दोन दगडांच्या मध्ये दाबून, कडेने पांढरे सिमेंट भरून कायमचे बसवलेले आहे. त्या पांढऱ्या सिमेंटला पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत बारीक चीर गेली आहे. पाणी तिथून आत जाते, कडप्प्याच्या खालच्या अंगाला पांढरे क्षार फुटले आहेत आणि कपाटाच्या प्लायवुडचा वरचा पदर सुटू लागला आहे. चीर पुन्हा भरून घेतली की काही आठवडे बरे जातात आणि मग ती त्याच जागी उघडते.

नवीन ओटाही ग्रॅनाइटचाच करायचा आहे. सिंक मात्र स्टीलचे घ्यावे की हल्ली मिळते तसे क्वार्ट्झचे, याविषयी घरात दोन मते आहेत. माझा मूळ प्रश्न असा की, दगड आणि स्टील किंवा दगड आणि क्वार्ट्झ यांचा सांधा वर्षानुवर्षे कोरडा राहावा आणि तरीही पुढे सिंक बदलायचे झाले तर ओटा फोडावा लागू नये, असे काही करता येते का? ग्रॅनाइटवाले म्हणतात की मध्ये दाबूनच बसवायचे, नाहीतर सिंक खाली बसेल. प्लंबर म्हणतात की सिलिकॉन पुरेसे आहे.


मंदार, पुणे

केतकीताई, मी घरांच्या अंतर्गत सजावटीची कामे करतो आणि नूतनीकरणात सर्वांत जास्त तोडफोड याच जागी होताना पाहतो. तुमचे ग्रॅनाइटवाले आणि प्लंबर दोघेही अर्धे बरोबर सांगत आहेत. सिंकला खालून आधार हवा, हे ग्रॅनाइटवाल्यांचे म्हणणे योग्य आहे आणि सांधा सिलिकॉनचा हवा, हे प्लंबरांचे. भार पेलणे आणि पाणी अडवणे ही दोन वेगळी कामे आहेत आणि ती एकाच वस्तूवर सोपवली की दोन्ही बिघडतात.

भाराचा विचार आधी करू. २४ बाय १८ इंचांच्या सिंकचे आतले माप साधारण ५६ बाय ४१ सेंटिमीटर आणि खोली २२ सेंटिमीटर धरली, तर ते काठोकाठ भरल्यावर त्यात ५० लिटर पाणी मावते. म्हणजे पाण्याचेच वजन ५० किलो झाले. त्यात कुकर, कढया आणि घासणाऱ्याच्या हातांचा दाब आलाच. हे सगळे सिलिकॉनच्या पट्टीवर टांगून ठेवणे मला कधीच मान्य होणार नाही. सिंकच्या आडव्या कडेखाली दोन्ही बाजूंना स्टेनलेस स्टीलचे अँगल किंवा चौकट द्यावी, ती कडप्प्याच्या उभ्या फरश्यांवर किंवा कपाटाच्या बाजूंवर टेकवावी आणि नटबोल्टने वर-खाली करता येईल अशी ठेवावी. सिंक काढायचे झाले की बोल्ट सैल करायचे, सिलिकॉन पात्याने कापायचे आणि सिंक खालून उतरवायचे. ग्रॅनाइटला हात लागत नाही.

आता पांढरे सिमेंट का फुटते ते पाहा. स्टील तापले की दगडापेक्षा दुपटीने प्रसरण पावते. ३०४ प्रतीच्या स्टीलचा प्रसरणांक अंश सेल्सिअसमागे दशलक्षांश १७ आहे, तर ग्रॅनाइटचा ८ च्या आसपास. भाताची पेज किंवा उकळलेल्या बटाट्यांचे पाणी ओतले की ३० अंशांवरचे स्टील काही क्षणांत ८०-९० अंशांपर्यंत जाते आणि शेजारचा जाड दगड त्या वेळात तापतच नाही. ६०० मिलिमीटर लांबीचे स्टील ६० अंशांनी तापले तर ०.६ मिलिमीटर वाढते. ही वाढ डोळ्यांना दिसत नाही, पण पांढऱ्या सिमेंटला ताण अजिबात सोसत नाही आणि गुळगुळीत स्टीलवर त्याची पकडही बसत नाही. रोज तापणे आणि निवणे चालू राहिले की सिमेंट स्टीलपासून सुटते, आणि ते पहिल्यांदा कोपऱ्यात सुटते, कारण दोन बाजूंची हालचाल तिथे एकत्र येते. तुम्ही ज्या जागी चीर असल्याचे लिहिले आहे, ती नेमकी हीच जागा आहे.


शुभांगी, नाशिक

मंदार यांचे म्हणणे पटते, पण केतकीताईंनी तोडफोडीपूर्वी पाणी नेमके कुठून जाते आहे याची खात्री करून घ्यावी, असे मला आवर्जून सुचवायचे आहे. सिंकखाली ओल दिसली की सगळे जण कडेच्या सांध्याला दोष देतात; प्रत्यक्षात गळती चार ठिकाणांहून होऊ शकते. तळाची जाळी जिथे बसते ते वेस्ट कपलिंग, सिंक भरून वाहू नये म्हणून वरच्या भोकाला जोडलेली ओव्हरफ्लोची नळी, ओट्यावर बसवलेल्या नळाचे भोक आणि मग कडेचा सांधा.

शोधण्याची रीत सोपी आहे. खालचा भाग पुसून कोरडा करा आणि कपलिंगभोवती वर्तमानपत्राचा कागद गुंडाळा. ओटा कोरडा ठेवून फक्त सिंक अर्धे भरा. कागद ओला झाला तर दोष कपलिंगच्या वॉशरचा आहे. तो कोरडा राहिला तर सिंक ओव्हरफ्लोच्या भोकापर्यंत भरा. त्यानंतर सिंक रिकामे करून नळाच्या बुडाशी तांब्याभर पाणी हळूहळू ओता आणि शेवटी कडेच्या सांध्यावर ओता. प्रत्येक पायरीनंतर थोडे थांबावे लागते, कारण सिमेंटच्या थरातून पाणी खाली उतरायला वेळ घेते. ओट्यावर नळ असलेल्या घरांत नळाच्या बुडाची रबरी चकती सुकून कडक झालेली असणे हे कारण फार वेळा निघते.


अनिरुद्ध, बडोदे

मी रसायनशास्त्राचा माणूस आहे, त्यामुळे सिलिकॉनविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण दुकानात ‘सिलिकॉनची नळी द्या’ एवढेच सांगितले जाते आणि चुकीची नळी हाती येते.

सिलिकॉन मुख्यतः दोन जातींचे मिळते. एक जात सुकताना ॲसिटिक आम्ल सोडते. तिला व्हिनेगरचा आंबट वास येतो आणि ती स्वस्त असते. काचेसाठी ती उत्तम आहे. दुसरी जात न्यूट्रल म्हणून विकली जाते आणि तिला तो वास नसतो. आपल्या ओट्याखालचा कडप्पा हा चुनखडीचा दगड आहे, तसाच शहाबादीही. संगमरवर हे चुनखडीचेच रूपांतर. या तिन्हींमध्ये कॅल्शियम कार्बोनेट असते आणि ते आम्लाशी अभिक्रिया करते. आंबट वासाचे सिलिकॉन कडप्प्यावर लावले तर ज्या पृष्ठभागाला ते चिकटायचे, तोच पृष्ठभाग झिजतो आणि पकड सुटते. ग्रॅनाइटमध्ये चुनखडी जवळजवळ नसल्याने तिथे हा धोका कमी आहे, परंतु तुमच्या रचनेत दोन्ही दगड एकत्र आहेत, म्हणून न्यूट्रलच घ्यावे. फिकट रंगाचे ग्रॅनाइट किंवा संगमरवर असेल तर दगडासाठी खास बनवलेले, डाग न सोडणारे सिलिकॉन मागावे. साध्या सिलिकॉनमधील तेलकट अंश सच्छिद्र दगडात उतरतो आणि सांध्याच्या दोन्ही अंगांना कायम ओलसर दिसणारा काळपट पट्टा उमटतो. तो नंतर घासून जात नाही.

दुसरा मुद्दा सांध्याच्या रुंदीचा आहे. कारागीर सांधा जितका बारीक तितके काम सफाईदार समजतात आणि दिसायला ते खरेही आहे, पण सिलिकॉनला ताणायला अंग लागते. बाजारातील चांगले सिलिकॉन मूळ रुंदीच्या २५ टक्के ताण आणि तेवढाच दाब सोसते. मंदार यांनी सांगितलेली ०.६ मिलिमीटरची वाढ सगळी एकाच बाजूला आली असे धरले, तर फट किमान २.४ मिलिमीटरची हवी, म्हणून ३ मिलिमीटर ठेवणे शहाणपणाचे. अर्ध्या मिलिमीटरच्या फटीत भरलेले सिलिकॉन तेवढ्याच हालचालीने फाटते आणि बारीक फट पाणी स्वतःकडे ओढून घेते, हा केशाकर्षणाचा परिणाम वेगळाच.

जुन्या सिलिकॉनवर नवीन सिलिकॉन नीट चिकटत नाही. डागडुजी करताना जुना थर पात्याने पूर्ण खरवडून, दगड व स्टील आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून आणि वाळू देऊनच नवा थर द्यावा.


केतकी, ठाणे

शुभांगीताईंनी सांगितल्याप्रमाणे तपासणी केली. कपलिंग, ओव्हरफ्लो आणि नळ तिन्ही कोरडे आहेत. पाणी कडेच्या सांध्यातूनच जात आहे. मंदारदादा, दोन गोष्टी विचारायच्या आहेत. सिंक ग्रॅनाइटच्या खालून बसवावे की वरून? आणि क्वार्ट्झचे सिंक घेतले तर आधाराची व सांध्याची पद्धत बदलते का?


मंदार, पुणे

वरून बसवायच्या सिंकची कड ग्रॅनाइटवर टेकते, त्यामुळे भार आपोआप दगडावर जातो आणि सिंक बदलणे सर्वांत सोपे होते. पण आपल्याकडे ओटा हाताने निपटून पाणी सरळ सिंकमध्ये लोटायची पद्धत आहे आणि तिथे ती उंच कड आडवी येते. कडेच्या बाहेर पाणी साचून राहते, कणीक आणि खरकटे तिथे वाळते. रोज भांडी हाताने घासली जाणाऱ्या घरासाठी मी खालूनच बसवायला सांगतो.

खालून बसवताना ग्रॅनाइटचा काठ सिंकच्या भिंतीच्या किती पुढे किंवा मागे राहावा, हे आधी ठरवून कारागिराला चित्र काढून द्यावे. ग्रॅनाइट पुढे आले तर सांधा झाकला जातो व देखणा दिसतो, पण त्या छपराखाली बुरशी धरते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. ग्रॅनाइट मागे सरकवले तर सिंकची कड पायरीसारखी उघडी राहते आणि तिच्यावर पाणी थांबते. मी ग्रॅनाइट सिंकच्या भिंतीच्या पुढे जेमतेम २-३ मिलिमीटर ठेवतो. सांध्यावरून बोट फिरवता येते आणि फडक्याचा कोपरा पोहोचतो. एवढ्या भागाच्या खालच्या कडेलाही पॉलिश करून घ्यावे, कारण कच्ची कड हात कापते आणि पाणी शोषते.

आता कटआउटविषयी, म्हणजे सिंकसाठी ग्रॅनाइटमध्ये कापायच्या मोकळ्या जागेविषयी, कारण ग्रॅनाइट तडकते ते इथेच. आतला कोपरा काटकोनात कापला की सगळा ताण त्या टोकावर येतो. आधी चारही कोपऱ्यांत गोल भोक पाडावे आणि मग भोकापासून भोकापर्यंत सरळ कापावे, म्हणजे कोपरा गोलसर राहतो. सिंकच्या पुढची ग्रॅनाइटची पट्टी तीन इंचांहून अरुंद असेल तर उचलताना किंवा बसवताना ती मोडण्याची भीती असते. आपल्याकडचे ग्रॅनाइट बहुधा १६ ते १८ मिलिमीटर जाड असते. त्याला खालून भोके पाडून क्लिपा अडकवणे मला धोक्याचे वाटते, म्हणून मी चौकटीचा आग्रह धरतो. पट्टीच्या खालच्या बाजूला खाच पाडून त्यात इपॉक्सीने (दोन भाग मिसळल्यावर कडक होणाऱ्या चिकटद्रव्याने) सळई बसवण्याची पद्धत चांगली आहे, मात्र सळई स्टेनलेसची असावी. साधी लोखंडी सळई गंजून फुगते आणि जो दगड वाचवायला ती घातली, त्यालाच फोडते.

बसवताना सिंक आधी कोरडेच चौकटीवर ठेवून सगळीकडे सारखे टेकते का ते पाहावे. मग आडव्या कडेवर सिलिकॉनची अखंड रेघ ओढावी. कोपऱ्यात ती तुटू देऊ नये. चार ठिकाणी ३ मिलिमीटर जाडीचे टाइल स्पेसर (फरश्यांमधली फट सारखी राखणारे तुकडे) ठेवावेत आणि बोल्ट बेताने आवळावेत. पूर्ण ताकदीने आवळले की सिलिकॉन सगळे बाहेर येते आणि मध्ये कागदाएवढाच थर उरतो. बाहेर आलेले सिलिकॉन लगेच साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटाने सारखे करावे.

क्वार्ट्झच्या सिंकविषयी अनिरुद्ध यांनी लिहावे.


अनिरुद्ध, बडोदे

क्वार्ट्झचे सिंक म्हणजे साधारण ८० टक्के क्वार्ट्झचे कण आणि उरलेले ॲक्रिलिक राळ. जर्मनीतील शॉक या कंपनीने १९७९ मध्ये हा प्रकार आणला आणि आपल्याकडे भावनगरला असे सिंक बनतात. राळेमुळे तेही तापल्यावर ग्रॅनाइटपेक्षा जास्त वाढते, म्हणजे मऊ सांध्याचा नियम तसाच लागू राहतो. ‘दगडाला दगडच जोडायचा आहे’ असे समजून कारागीर तिथे इपॉक्सी भरतात. इपॉक्सी ग्रॅनाइटच्या दोन तुकड्यांसाठी उत्तम, कारण ते दोन्ही सारखेच हलतात. क्वार्ट्झच्या सिंकला मात्र इपॉक्सीने जखडले तर ताण सिंकच्या कडेवर येतो, आणि कड तडकली की दुरुस्ती नाही. शिवाय या सिंकचे वजन स्टीलच्या सिंकपेक्षा बरेच जास्त असते, त्यामुळे चौकट टाळताच येणार नाही. साफ करताना ॲसिटोन वापरू नये. ॲक्रिलिकला ते मानवत नाही.


निनाद, न्यू जर्सी

इकडे ओट्याखाली कडप्प्यासारखी फरशी नसते. लाकडी कपाटांवरच क्वार्ट्झची किंवा ग्रॅनाइटची स्लॅब ठेवतात, त्यामुळे सिंकचा आधार कपाटाच्या दोन बाजूंना आडवी पट्टी टाकून किंवा दगडाच्या खालच्या अंगाला चिकटवलेल्या क्लिपांवर देतात. सिलिकॉन मात्र इथेही असतेच. फायरक्ले म्हणजे भाजलेल्या मातीचे मोठे पांढरे सिंक घेणाऱ्यांना एक सूचना करावीशी वाटते. भट्टीत माती आकसते आणि प्रत्येक नग थोडा वेगळा निघतो, म्हणून माहितीपत्रकातील मापावर कटआउट कापू नये. प्रत्यक्ष सिंक कार्यशाळेत नेऊन त्यावरूनच आखणी करावी. माझ्या मते हा नियम कोणत्याही सिंकला लावावा.

सांधाच नको असेल तर ॲक्रिलिक सॉलिड सरफेसचा (राळ आणि खनिज भुकटी यांच्या एकसंध पाट्यांचा) ओटा आणि त्याच साहित्याचे सिंक हा पर्याय आहे. ड्यूपाँट या कंपनीने १९६७ मध्ये तो शोधून काढला आणि पुढे कोरियन या नावाने बाजारात आणला. सिंक आणि ओटा त्याच जातीच्या चिकटद्रव्याने जोडून घासले की रेघही दिसत नाही. दोन्हींचे प्रसरण सारखे असल्याने तिथे ताठ सांधा चालतो. पण गॅसवरून उतरवलेली कढई त्यावर थेट ठेवता येत नाही, आणि आपल्या स्वयंपाकात हा मोठाच अडसर आहे.

आणखी एक कळकळीची विनंती. घरात कोरडे ग्राइंडर चालवून दगड कापू देऊ नका. त्या धुळीतील सिलिकाने कारागिरांची फुप्फुसे निकामी होतात. कृत्रिम क्वार्ट्झमध्ये सिलिकाचे प्रमाण ९० टक्क्यांच्याही वर असू शकते आणि याच कारणाने ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून कृत्रिम दगडावर बंदी घातली. ग्रॅनाइटमध्ये सिलिका त्याहून कमी असते, पण असतेच. कापणारा मुलगा तोंडाला फक्त रुमाल बांधून बसलेला दिसला तर त्याला दगडावर पाणी सोडत-सोडतच कापायला सांगा आणि योग्य मुखपट्टी आणून द्या. कटआउट शक्यतो कारखान्यातच करून घ्यावा.


विद्या, कुडाळ

विषय निघालाच आहे तर विचारते. आमच्या घरी फणसाच्या जुन्या फळ्यांचा ओटा करून त्यात स्टीलचे सिंक बसवायचे मनात आहे. कोकणातल्या पावसात हे टिकेल का?


अनिरुद्ध, बडोदे

विद्याताई, लाकडाची हालचाल उष्णतेपेक्षा ओलाव्याने होते आणि ती तंतूंच्या आडव्या दिशेने होते. दोन फूट रुंदीचा ओटा मे महिन्यापासून ऑगस्टपर्यंत काही मिलिमीटर फुगू शकतो. स्टीलच्या विस्ताराच्या मानाने ही हालचाल कितीतरी मोठी आहे आणि खालून बसवलेल्या सिंकचा सांधा ती झेलू शकणार नाही. तुमच्यासाठी वरून बसवायचे रुंद कडेचे सिंकच योग्य, कारण त्या कडेखाली लाकूड सरकले तरी फट उघडी पडत नाही. कटआउट सिंकपेक्षा चारही बाजूंनी थोडा मोठा ठेवावा आणि कापलेल्या कडांना, विशेषतः जिथे तंतूंची टोके उघडी पडतात तिथे, इपॉक्सीचे दोन-तीन हात द्यावेत. पाणी सर्वांत जास्त तिथूनच शिरते. नळ लाकडावर न घेता भिंतीवर घ्यावा.


शुभांगी, नाशिक

काम संपल्यावरची एक गोष्ट कोणी लिहिली नाही. फरश्यांवरचे सिमेंटचे डाग काढायला गवंडी ॲसिडने धुतात. ते हायड्रोक्लोरिक आम्ल असते आणि स्टेनलेस स्टीलचा तो शत्रू आहे. थेंब पडला तर खड्डे पडतातच, पण बंद स्वयंपाकघरात त्याच्या वाफेनेही नव्या सिंकवर तांबूस ठिपके येतात आणि मग स्टील हलके निघाले म्हणून दुकानदाराशी वाद होतो. आमच्या इमारतीत एका घरी असेच झाले. ॲसिडने धुणे पूर्ण आटोपून, भरपूर पाणी मारून आणि खिडक्या उघड्या ठेवूनच सिंक आत आणावे.


केतकी, ठाणे

सर्वांचे मनःपूर्वक आभार. घरच्यांना हा धागा वाचून दाखवला आणि ३०४ प्रतीचे स्टीलचे सिंक, खालून, बोल्टच्या चौकटीवर असे ठरले आहे. चौकट जिथे येईल तिथे खालच्या कडप्प्याचा भाग कापावा लागेल. त्याने ओट्याचा आधार कमी होईल का? आणि सिलिकॉन लावल्यावर पाणी कधी सोडावे? ग्रॅनाइटवाले दुसऱ्याच दिवशी चालेल म्हणतात.


मंदार, पुणे

कडप्पा सिंकच्या आकारापेक्षा सर्व बाजूंनी दोन इंच जास्त कापला तरी चालेल, मात्र सिंकच्या दोन्ही बाजूंना जमिनीपर्यंत उभी फरशी असली पाहिजे. तुमच्याकडे एका बाजूला फक्त कपाट असेल तर तिथे नवी उभी फरशी घालून घ्या. कापलेल्या कडप्प्याची कड आणि सिमेंटचा थर उघडा ठेवू नका. त्यावर इपॉक्सीचा हात मारा, म्हणजे पुढे कधी ओल आलीच तरी ती दगडात पसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी पाणी सोडण्याची घाई करू नका. सिलिकॉन हवेतील दमटपणा घेऊन बाहेरून आत सुकत जाते आणि चोवीस तासांत साधारण २ ते ३ मिलिमीटरच सुकते. तुमच्या सिंकची आडवी कड इंचभर रुंद असेल, वर दगड आणि खाली स्टील, म्हणजे हवा फक्त दोन काठांनी आत जाणार. आठवडाभर तरी सिंक भरून ठेवू नये आणि तोपर्यंत चौकटीच्या बोल्टना हात लावू नये. त्यानंतर सिंक भरा, शुभांगीताईंच्या पद्धतीने कागद लावून रात्रभर ठेवा आणि सकाळी तो कोरडा असेल तरच सुताराला कपाटाची मागची फळी बसवायला सांगा. ती फळी स्क्रूने बसवून घ्या, खिळ्यांनी नको, कारण बोल्टपर्यंत पोहोचण्याची वाट तीच आहे.